मदत हवी आहे : पक्षबंदी आणि निधीकपात एकाच रकान्यात बसतात का?

पक्षनियमनाच्या तुलनात्मक तक्त्यात 'बंदी'चा रकाना अडलाय. जर्मनीत राज्यघटनेच्या कलम 21 नुसार पक्षावर बंदी फक्त घटना न्यायालय घालू शकतं. 1952 आणि 1956 मध्ये घातलीही. 2017 मध्ये एनपीडी (अतिउजवा पक्ष) वाचली, कारण उद्दिष्टं घटनाविरोधी असली तरी ती साधण्याची ताकद तिच्यात नाही, असं न्यायालय म्हणालं. दुबळेपणा कामी आला म्हणायचा! त्याच वर्षी घटनादुरुस्तीने मधली पायरी आणली: पक्ष राहतो, सरकारी निधी आणि करसवलत जाते. जानेवारी 2024 मध्ये याच पक्षाचा निधी सहा वर्षांसाठी थांबला.

तुर्कस्तानात मात्र 2008 मध्ये सत्ताधारी एकेपी पक्षावरची बंदी टळून निम्मं अनुदान कापलं गेलं. म्हणजे एकीकडे मुदत, दुसरीकडे रक्कम. वेगळे रकाने करू का? अशी मधली पायरी आणखी कुठल्या कायद्यात आहे? कलम क्रमांक दिलात तर फार बरं होईल.