"आज रात्री साडेनऊला वीज तोडणार" असा मेसेज आलाय, खरा असेल का?

मृणाल_कराड:
बाबांना आज मेसेज आला, मागील बिल अपडेट न झाल्याने रात्री 9.30 ला वीजपुरवठा खंडित होईल, अधिकाऱ्यांशी संपर्क साधा. खाली मोबाइल नंबर. बाबांनी लगेच फोन लावला. समोरचा अदबीने म्हणे, "काका, फक्त 10 रुपये भरा, बिल अपडेट होतं." त्यासाठी व्हॉट्सॲपवर एपीके फाईल (फोनमध्ये ॲप टाकणारी) पाठवलीय. बाबांनी ती उघडलेली नाही. बिल तर केव्हाच भरलंय. महावितरणचंच आहे का हे?

निवृत्त_वायरमन:
नाही ताई. फाईल आधी डिलीट करा, मग पुढचं वाचा.

हयात खांबावर गेली माझी. वसुलीच्या मोहिमेत शिव्या खात कनेक्शनं तोडलीत, पण दिवसाउजेडी. रात्री साडेनऊला तोडायला कोण जातंय? त्या वेळी गेलेली लाइट जोडायला माणूस मिळेनासा होतो! वेळ मुद्दाम निवडलेली असते. ऑफिस बंद, विचारायचं कुणाला?

थकबाकी खरी असली तरी वीज कायदा 2003 च्या कलम 56 प्रमाणे 15 दिवस आधी लेखी नोटीस द्यावी लागते. मात्र "कंपनी मेसेज करतच नाही" असं बाबांना सांगू नका. करते. पाठवणाऱ्याच्या नावात एमएसईडीसीएल (महावितरणचं इंग्रजी लघुरूप) अशी अक्षरं असतात, दहा आकडी मोबाइल नंबर नसतो. आणि तुमच्या मेसेजमध्ये बारा आकडी ग्राहक क्रमांक होता का? बहुतेक नसेल. एकच मजकूर गावभर फिरवतात, क्रमांक कुठून आणणार?

राहिले 10 रुपये. ते त्याला नकोच असतात. ते भरताना तुम्ही कार्डाचे तपशील टाकता आणि ती एपीके तुमचे ओटीपी परस्पर त्याच्याकडे पोचवते.

बँकेतला_सुहास:
वायरमनकाका बरोबर. कुणी ती फाईल इन्स्टॉल केली असेल, किंवा एनीडेस्क (आपला फोन दुसऱ्याला दुरून दाखवणारं ॲप) घेऊन स्क्रीन दाखवली असेल, तर त्या फोनचं नेट बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून बँक गाठा. पैसे गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा, सकाळची वाट बघू नका. रक्कम खात्याखात्यांतून पुढे सरकत जाते, मध्येच गोठवली तरच हाती लागते.

मृणाल_कराड:
फाईल काढली. ग्राहक क्रमांक खरंच नव्हता. महावितरणच्या 1912 या हेल्पलाइनवर विचारलं, थकबाकी शून्य. बाबा आता त्या माणसाला फोन करून झापायचं म्हणतायत.

निवृत्त_वायरमन:
झापू नका, नंबर चालू आहे एवढंच त्याला कळेल. स्क्रीनशॉट काढून संचार साथी या सरकारी पोर्टलवरच्या 'चक्षू' या सुविधेत तक्रार टाका, मग ब्लॉक.