लिंक होताना लायब्ररी सापडते, चालवताना सापडत नाही, असं का?

सी_शिकतोय

मी उबंटूवर एक छोटा प्रोग्राम लिहिलाय, त्याला लिबगणित नावाची लायब्ररी लागते, ती मीच सोर्सवरून बिल्ड करून होम फोल्डरमधल्या लिब मध्ये ठेवलीय. लिबगणितला आतून लिबमॅट्रिक्स लागते, तीही तिथेच आहे. जीसीसीला मायनस कॅपिटल एल देऊन त्या फोल्डरचा पाथ सांगितला, मायनस स्मॉल एल ने गणित आणि मॅट्रिक्स दोन्ही नावं दिली, एकही वॉर्निंग न येता बिल्ड झालं. पण चालवायला गेलो की ‘लिबगणित.एसओ.१: कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. फाइल डोळ्यासमोर आहे हो, एलएस मारलं की दिसते! दोन मिनिटांपूर्वी लिंकरला सापडलेली फाइल आता कशी सापडत नाही? आणि ते शेवटचं ‘.१’ कुठून आलं, मी तर कुठेच लिहिलेलं नाही. दोन दिवस यातच गेलेत, कृपया कोणीतरी नीट समजावून सांगा.

जुना_लिंकर

तुम्ही दोघांना एकच समजताय, घोळ तिथेच आहे. बिल्ड करताना शोधतो तो लिंकर, म्हणजे एलडी. चालवताना शोधतो तो डायनॅमिक लोडर, एलडी.एसओ, तो वेगळाच प्रोग्राम आहे आणि लिंकरला तुम्ही काय सांगितलं होतं ते त्याला कळायचा काही मार्गच नाही. कॅपिटल एल चा पाथ फक्त लिंकिंगपुरता, तो तयार झालेल्या बायनरीत (चालवायच्या प्रोग्राम फाइलमध्ये) कुठेही लिहिला जात नाही.

आता ‘.१’ चं बघा. लिंकरने स्मॉल एल गणित वाचलं आणि लिबगणित.एसओ ही फाइल शोधली (ती नसती तर त्याच फोल्डरात लिबगणित.ए बघितली असती). ती फाइल उघडल्यावर आत त्याला एसओनेम नावाची नोंद मिळाली, लायब्ररी बनवणाऱ्याने तिथे लिबगणित.एसओ.१ लिहून ठेवलंय, आणि लिंकरने तेच नाव उचलून तुमच्या प्रोग्रामच्या ‘नीडेड’ यादीत टाकलं. नुसतं नाव, पाथ नाही. याचा फायदा असा की उद्या लायब्ररीचा इंटरफेस मोडून ‘.२’ आली तरी जुना प्रोग्राम चुकून तिला हात लावत नाही, तो ‘.१’ च मागत राहतो.

लोडर हे नाव घेऊन निघतो तो या क्रमाने: बायनरीत आरपाथ असेल (आणि रनपाथ नसेल; दोन्ही म्हणजे बायनरीतच लिहून ठेवलेले शोधायचे पाथ) तर आधी तिथे, मग एलडी_लायब्ररी_पाथ हे शेलचं व्हेरिएबल, मग बायनरीतला रनपाथ, मग /ईटीसी मधली एलडी.एसओ.कॅश (सिस्टिमच्या लायब्रऱ्यांची तयार यादी), आणि शेवटी /लिब आणि /यूएसआर/लिब. तुमचं होम फोल्डर यात कुठेच येत नाही, म्हणून एरर. बायनरीच्या आतल्या नोंदी दाखवणारं रीडईएलएफ मायनस डी मारून बघा, नीडेड दिसेल, रनपाथ दिसणार नाही.

सोपा_उपाय

एवढं कशाला, बॅशआरसी मध्ये (शेल सुरू होताना वाचली जाणारी फाइल) एलडी_लायब्ररी_पाथ एक्सपोर्ट करून टाका, लगेच चालेल.

बिट_वेडी

चालेल, पण प्लीज बॅशआरसीत टाकू नका. टर्मिनलमध्ये एकदा टेस्ट करायला ठीक आहे. ते व्हेरिएबल तुमच्या एका प्रोग्रामला नाही, त्या शेलमधून सुरू होणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला लागू होतं. मी आधी जिथे काम करायचे तिथे सर्व्हरवर कोणीतरी हेच केलं होतं, त्या फोल्डरात सी प्लस प्लस ची जुनी स्टँडर्ड लायब्ररी पडलेली, आणि महिन्याभराने भलताच एक टूल ‘व्हर्जन नॉट फाउंड’ म्हणून पडायला लागला, आम्ही तो टूलच तीनदा परत इन्स्टॉल केला. शिवाय पाथच्या शेवटी चुकून कोलन राहिला तर रिकाम्या जागेचा अर्थ ‘चालू फोल्डर’ असा घेतला जातो, म्हणजे ज्या फोल्डरात उभे आहात तिथली कुठलीही फाइल लोड होऊ शकते. आणि सेटयूआयडी प्रोग्रामसाठी (जे फाइलच्या मालकाच्या अधिकाराने चालतात) लोडर हे व्हेरिएबल मुद्दाम धरतच नाही.

पाथ बायनरीतच लिहा. जीसीसीला मायनस डब्ल्यूएल, कॉमा, मायनस आरपाथ, कॉमा आणि पुढे पाथ. प्रोग्राम बिन मध्ये आणि लायब्रऱ्या शेजारच्या लिब मध्ये असतील तर पाथ म्हणून ‘$ओरिजिन/../लिब’ द्या, $ओरिजिन म्हणजे बायनरी ज्या फोल्डरात आहे तो फोल्डर. मग अख्खं झाड उचलून कुठेही ठेवा.

सी_शिकतोय

धन्यवाद! मेकफाइलमध्ये टाकलं पण अजून तोच एरर. रीडईएलएफ मध्ये रनपाथ आता दिसतोय, पण तो ‘रिजिन/../लिब’ असा आलाय?? ओ कुठे गेला?

बिट_वेडी

मेकने खाल्ला, म्हणजे मेकफाइल वाचून बिल्ड करणाऱ्या टूलने. मेकला डॉलर दिसला की पुढचं एक अक्षर तो व्हेरिएबलचं नाव समजतो, म्हणजे ‘$ओ’, ते रिकामं, उरलं रिजिन. मेकफाइलमध्ये दोन डॉलर लिहा, ‘$$ओरिजिन’, आणि पूर्ण पाथभोवती सिंगल कोट्स द्या, नाहीतर मेकमधून सुटलेला डॉलर पुढे शेल खाईल आणि तुम्हाला नुसतं ‘/../लिब’ मिळेल.

सी_शिकतोय

ओके रनपाथ आता बरोबर आहे, लिबगणित सापडली!! पण आता लिबमॅट्रिक्स.एसओ.१ साठी तोच एरर, ती तर त्याच फोल्डरात आहे, लिबगणितच्या अगदी शेजारी, आणि मी बिल्ड करताना तिचं नावही दिलं होतं.

जुना_लिंकर

नाव दिलंत, पण तुमच्या कोडमध्ये तिचं एकही फंक्शन थेट वापरलेलं नसणार. उबंटूचं जीसीसी लिंकरला ‘अ‍ॅज नीडेड’ हा ऑप्शन आपणहून देतं, त्यामुळे न वापरलेली लायब्ररी नीडेड यादीतून गाळली जाते. म्हणजे लिबमॅट्रिक्स मागतोय तो तुमचा प्रोग्राम नाही, लिबगणित मागतेय. आणि रनपाथ फक्त त्याच फाइलच्या स्वतःच्या नीडेड यादीला लागू होतो, पुढच्या लायब्रऱ्यांना नाही. जुना आरपाथ खालपर्यंत लागू व्हायचा, पण हल्ली बहुतेक डिस्ट्रोंमध्ये मायनस आरपाथ दिलं तरी बायनरीत रनपाथच लिहिला जातो. इथे बरेच अनुभवी लोकही अडकतात, कारण नाव आरपाथ आणि वागणूक वेगळी.

लिंकरला ‘डिसेबल न्यू डीटॅग्स’ हा ऑप्शन देऊन जुना आरपाथ परत आणता येतो, पण मी ते करणार नाही, कारण मग तो एलडी_लायब्ररी_पाथ च्याही आधी बघितला जातो आणि टेस्टिंगसाठी दुसरी लायब्ररी घालता येत नाही. ज्याला जे लागतं त्याने ते स्वतः सांगावं: लिबगणितलाच रनपाथ द्या, नुसता ‘$ओरिजिन’, कारण दोघी एकाच फोल्डरात आहेत. परत बिल्ड करायचं नसेल तर पॅचईएलएफ (तयार बायनरीतल्या नोंदी बदलणारं टूल) ने सेट आरपाथ करा, इथेही सिंगल कोट्स विसरू नका. मग एलडी_डीबग=लिब्ज लावून प्रोग्राम चालवा, लोडर कुठकुठे बघतोय ते ओळीओळीने दिसेल.

सी_शिकतोय

पॅचईएलएफ केलं आणि चाललं! एलडी_डीबग मध्ये लिबगणितच्या खाली तिचा स्वतःचा रनपाथ वेगळा दिसतोय, तेव्हा तुमचं म्हणणं खरं डोक्यात गेलं. पूर्ण फोल्डरचं नाव बदलून दुसरीकडे हलवलं, तरी चालतंय. आता एलडीकॉन्फिग पण चालवायची गरज आहे का?

जुना_लिंकर

नाही. एलडीकॉन्फिग ती एलडी.एसओ.कॅश बनवतं, आणि ती कॅश अख्ख्या सिस्टिमची असते, तुमच्या लायब्रऱ्या तुमच्याच प्रोग्रामपुरत्या आहेत. बाकीच्या प्रोग्रामनाही द्यायच्या असतील तेव्हाच /ईटीसी/एलडी.एसओ.कॉन्फ.डी मध्ये फाइल टाकून एलडीकॉन्फिग चालवा.