तेलगळती, परिणाम, अंदाज: तीन शब्दांवर अडले आहे

अडलेली अनुवादक:
मंडळी, एक्सॉन वाल्डीझच्या अपघातावरचं एक प्रकरण मराठीत आणतेय. २४ मार्च १९८९ला हे टँकर अलास्कातल्या प्रिन्स विल्यम साउंडमध्ये ब्लाय रीफ नावाच्या खडकावर चढलं आणि सुमारे १ कोटी १० लाख गॅलन कच्चं तेल समुद्रात गेलं. इथवर गाडी सुरळीत होती. पुढचा सगळा भाग मात्र ‘लाँग टर्म इम्पॅक्ट’ कसा ‘एस्टिमेट’ करतात यावर आहे. ‘दीर्घकालीन परिणामांचा अंदाज’ लिहिलं, तर संपादक म्हणाले, अंदाज म्हटला की हवामान खातं आठवतं, ‘मूल्यमापन’ करा. मूल्यमापन म्हटलं की मला दहावीची गुणपत्रिका आठवते. आणि मुळात ‘स्पिल’ला तेलगळती म्हणायचं का? गळतो तो नळ, गळतात ती कौलं. जहाजाचं पोट फाटून तेल बाहेर आलं, त्याला गळती?

उरणकर:
काटेकोर बघाल तर सांडणे, सांडलवंड हे बरोबर. पण ‘तेलाची सांडलवंड’ म्हटलं की पणतीत तेल ओतताना आजी ओरडतेय असं वाटतं. तेलगळती वर्तमानपत्रांनी रुळवलाय, राहू द्या.

एक मात्र सांभाळा. गळती ही घटना, तवंग हा तिचा डोळ्यांना दिसणारा भाग. ७ ऑगस्ट २०१०ला मुंबई बंदराबाहेर दोन जहाजांची टक्कर झाली, तेव्हा तवंग दिसेनासा झाला की लोक सुटलो म्हणायचे. आमच्या खाडीत तेल भरतीबरोबर शिरलं. ओहोटी लागल्यावर पाणी बऱ्यापैकी नितळ होतं, पण तिवरांची चिखलातून वर आलेली मुळं काळी कुळकुळीत, बोट लावलं तर चिकट. झाड त्या मुळांनीच श्वास घेतं. नारळी पौर्णिमा अडीच आठवड्यांवर आलेली आणि मासळीला गिऱ्हाईक नाही. तर्री पळीने काढून घेतली म्हणून खालचा रस्सा बिनतेलाचा होत नाही.

चिखलवाली:
उरणकरांची तर्री उद्या वर्गात वापरणार!

ताई, मला ‘दीर्घकालीन’बद्दल बोलायचंय. त्या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी दडतात: तेल गेलं पण नुकसान मागे राहिलं, ही एक, आणि तेल गेलंच नाही, ही दुसरी.

दुसरीचं उदाहरण आधी देते, कारण ते माझं लाडकं आहे. सप्टेंबर १९६९मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या वेस्ट फालमथजवळ फ्लोरिडा नावाची बार्ज (सपाट तळाची मालवाहू नौका) खडकाला लागली आणि सुमारे ७ लाख लिटर इंधन तेल सांडलं. वाल्डीझपुढे हे काहीच नाही. पण वुड्स होलची समुद्रविज्ञान संस्था तिथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे ती दलदल वर्षानुवर्षं तपासली गेली. तीस-पस्तीस वर्षांनीही चिखलात थोड्या खोलीवर तेल होतंच. वरून गवत हिरवं. परिणाम दिसला तो खेकड्यांत. तिथले फिडलर खेकडे (एक नांगी मोठी असलेले, आपल्याही खाड्यांत असतात) एरवी सरळ खाली बीळ खणतात. इथे ते तेलाच्या थरापर्यंत जायचे आणि थांबायचे, नाहीतर आडवे वळायचे. बिळं उथळ राहिली की चिखलात हवा कमी खेळते, मग गवताच्या मुळांवरही परिणाम. हे ‘दूरगामी’ही झालं आणि ‘दीर्घकालीन’ही. दूरगामी म्हणजे एकातून दुसरं निघत जाणारं, दीर्घकालीन म्हणजे नुसतं टिकणारं. दोन्ही शब्द हाताशी ठेवा.

पहिल्या प्रकारासाठी तुमचं अलास्काच आहे. तिथल्या एटी-१ नावाच्या ओर्का देवमाशांच्या गटात २२ जण होते, त्यातले ९ अपघातानंतर नाहीसे झाले आणि त्या गटात तेव्हापासून एकही पिल्लू जन्मलेलं नाही. त्यांच्या बाबतीत आज पाण्यात तेल आहे की नाही, याने काही फरक पडत नाही. बाकी तेल तिथेही आहेच म्हणा. २००१मध्ये किनाऱ्यांवर हजारो खड्डे खणून पाहिले, तर दगडगोट्यांखाली ते ओलंच सापडलं.

तलाठ्याचा मुलगा:
‘अंदाज’वर एवढं नाक मुरडू नका. आपल्याकडे या कामाला जुनी पद्धत आहे: पैसेवारी. (आमचे वडील शेवटपर्यंत आणेवारीच म्हणत.) गावातलं यंदाचं पीक प्रमाण उत्पन्नाशी ताडायचं, रुपयात किती पैसे आलं ते ठरवायचं, पन्नासच्या खाली गेलं की टंचाई. तेही एकदा करून मोकळं नाही: आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम. वडिलांबरोबर मी बांधावर उभा राहिलोय. नजरअंदाजाला हिरवंगार दिसणारं ज्वारीचं शेत कापणीला निम्म्यावर आलेलं पाहिलंय. तुमचे शास्त्रज्ञ याहून वेगळं काय करतात?

चिखलवाली:
फारसं वेगळं नाही, दादा. अडचण एवढीच की समुद्राचं प्रमाण उत्पन्न कुणी लिहून ठेवलेलं नसतं. अपघाताआधी तिथे काय होतं, याची मोजणी बहुतेक वेळा नसतेच. मग तेल न लागलेला शेजारचा किनारा शोधून त्याच्याशी तुलना करावी लागते, आणि दोन किनारे कधी जुळे नसतात. अपघाताआधीच्या त्या स्थितीला इंग्रजीत ‘बेसलाइन’ म्हणतात. ‘आधाररेषा’ हे भाषांतर भूमितीत शोभेल, इथे सरळ ‘पूर्वस्थिती’ म्हणावं. प्रिन्स विल्यम साउंडमधला हेरिंग मासा १९९३मध्ये कोसळला तो अजून सावरला नाही. तेलामुळे की रोगामुळे, यावर आजही वाद आहे. पूर्वस्थितीची चोख नोंद असती तर वाद तरी आटोपशीर झाला असता.

‘रिकव्हरी’ला ‘पुनर्प्राप्ती’ लिहू नका, हात जोडते. ती बुडीत कर्जाची असते. जखम भरून येते तसं ‘भरून येणे’, किंवा प्राण्यांसाठी ‘सावरणे’. अलास्कातले समुद्री ऑटर (समुद्रातली पाणमांजरं) सावरल्याचं २०१४मध्ये जाहीर झालं, पंचवीस वर्षांनी. आणि प्रकरणात ‘सफाई’ आली असेल तर तिलाही परिणामांत धरा. अलास्कात गरम पाण्याचे जोरदार फवारे मारून किनारे धुतले, त्यात तेलातून वाचलेले जीव मेले. १९६७मध्ये टॉरी कॅन्यन या टँकरच्या अपघाताच्या वेळी इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर डिटर्जंट ओतलं होतं. जिथे ते ओतलं नाही तिथले खडक लवकर भरून आले.

वकिलीतली:
कायद्याची भाषा आली असेल तर एक खड्डा दाखवते. अमेरिकी कायद्यात निसर्गाला झालेली इजा ती ‘इंज्युरी’ आणि तिच्यापोटी द्यायचे पैसे ते ‘डॅमेजेस’. त्यामुळे ‘नॅचरल रिसोर्स डॅमेज असेसमेंट’चं ‘नैसर्गिक साधनांच्या नुकसानीचं मूल्यमापन’ हे अर्धवट होतं. तिथे शेवटी भरपाईची आकारणी असते. मेक्सिकोच्या आखातातल्या २०१०च्या डीपवॉटर होरायझन या तेलविहीर खोदणाऱ्या तराफ्याच्या अपघाताच्या प्रकरणात या सदराखाली ८८० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड झाली. उलट १९९२च्या आंतरराष्ट्रीय दिवाणी दायित्व करारात पर्यावरणापोटी मिळतो तो पूर्वपदावर आणण्याच्या वाजवी उपायांचा खर्च, म्हणजे केलेल्या किंवा करायच्या कामांचा. मेलेल्या खेकड्याची किंमत लावून पैसे मागता येत नाहीत. दोन्हीकडे सरसकट ‘नुकसान’ लिहिलंत तर वाचकाला फरकच कळणार नाही.

उरणकर:
म्हणजे पंचनामा एक आणि भरपाई दुसरी. हे आम्हाला वेगळं सांगायला नको!

अडलेली अनुवादक:
सगळ्यांचे आभार. आता वाक्य असं झालंय: ‘तवंग दिसेनासा झाल्यावरही तेलाचे दीर्घकालीन आणि दूरगामी परिणाम किती होतील, याचा अंदाज पूर्वस्थितीशी ताडून बांधावा लागतो, आणि तो वर्षानुवर्षं सुधारत न्यावा लागतो.’ मूल्यमापन काढून टाकलं. संपादकांना पैसेवारीचं उदाहरण ऐकवलं, ते मूळचे बीडचे, लगेच पटलं.

तलाठ्याचा मुलगा:
वाक्य झकास. पण तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये ‘हे टँकर चढलं’ कसं काय? आमच्याकडे उन्हाळ्यात पाण्याचा टँकर येतो.

अडलेली अनुवादक:
जहाज डोक्यात होतं! तो टँकर. प्रकरणात सतरा ठिकाणी आहे, बसते आता बदलत.