कारवानी पिल्लू घरी आणायचे आहे: निवड आणि तयारी यांबाबत सल्ला हवा

कोरडवाहू
सर्वांना नमस्कार. औसा तालुक्यात आमची सहा एकर कोरडवाहू जमीन असून आम्ही शेतातच राहतो. माझ्या आजोबांकडे कारवानी कुत्री होती आणि तिच्या असण्याने रात्री शेतावर जो निर्धास्तपणा होता, तो ती गेल्यापासून आम्हाला परत मिळालेला नाही. मागच्या पावसाळ्यात आमचा गावठी कुत्रा साप चावून दगावला. हरभरा फुलावर आला की रानडुकरे आणि रोही (नीलगायी) येतात. त्यांची चाहूल लांबून घेऊन आम्हाला उठवील असे जनावर दारात हवे आहे. शिकार करायची नाही, हे आधीच स्पष्ट करतो. पिल्लू, लसी आणि सुरुवातीचा खुराक मिळून माझी ऐपत दहा हजार रुपयांची आहे. नर घ्यावा की मादी, किती दिवसांचे घ्यावे, पिल्लू पाहताना काय तपासावे आणि ते येण्यापूर्वी घरी काय तयारी ठेवावी, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

माळावरचा
दादा, आपण दुसरीकडे कोठेही न जाता थेट माळेगावच्या यात्रेला यावे. लोहा तालुक्यातील आमच्या खंडोबाच्या या यात्रेत घोड्यांबरोबर कुत्र्यांचेही प्रदर्शन भरते आणि मराठवाड्यातील उत्तम जनावरे एकाच ठिकाणी पाहायला मिळतात. मी माझा नर तेथूनच पंधरा हजारांना घेतला आणि आज कोणी पन्नास देऊ केले तरी मी तो देणार नाही. पिल्लू नरच घ्यावे, रंग वाळूसारखा असावा, छाती खोल आणि पोट आत ओढलेले असावे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ते वीसनखी असावे. वीसनखी कुत्रा राखणीत कधी मागे हटत नाही, असे आमच्या वडिलांचे म्हणणे होते आणि माझा अनुभवही तोच आहे.

गुरांचा_डॉक्टर
मी पशुवैद्यकीय सेवेतून निवृत्त झालो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. कुत्र्याच्या पुढच्या प्रत्येक पायाला पाच आणि मागच्या प्रत्येक पायाला चार, अशी साधारणपणे अठरा नखे असतात. काही कुत्र्यांच्या मागच्या पायांवरही आतल्या बाजूस अंगठ्याचे नख असते आणि मग ती वीस होतात. त्याचा धैर्याशी काहीही संबंध नाही; उलट ते सैल लोंबणारे नख काट्याकुपाट्यांत अडकून मुळातून फाटते आणि भळाभळा रक्त येते.

पिल्लू पाहण्याआधी त्याची आई पाहावी. ती अंगाने कशी आहे, अनोळखी माणूस आल्यावर सावध होऊन उभी राहते की शेपूट पोटाखाली घालून कोपऱ्यात दडते, पिल्लांपाशी मालकाला जाऊ देते की त्याच्यावरही गुरगुरते, यावरून पिल्लाच्या स्वभावाचा जेवढा अंदाज येतो तेवढा रंगावरून येत नाही. नंतर पिल्लू हातात घेऊन डोळ्यांत चिपडे आहेत का, हिरड्या गुलाबी आहेत की पांढुरक्या, बेंबीपाशी गाठ आहे का, शेपटीखालचे केस जुलाबाने चिकटलेले आहेत का, हे पाहावे. अंग बारीक आणि पोट मात्र घागरीसारखे फुगलेले असेल, तर जंत आहेत असे समजावे.

आठ आठवडे पूर्ण होईपर्यंत पिल्लू आईपासून तोडू नये. 2017 च्या कुत्रे पैदास व विक्रीविषयक केंद्रीय नियमांनुसार त्याहून लहान पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करून विकणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे आवश्यक आहे. यात्रेत जनावर पाहायला जरूर जावे, परंतु लसी पूर्ण न झालेले पिल्लू शेकडो कुत्र्यांच्या गर्दीतून घरी आणणे म्हणजे पार्व्हो या जीवघेण्या संसर्गजन्य रोगाला निमंत्रण आहे.

माळावरचा
डॉक्टरसाहेबांविषयी आदर आहे. परंतु माझा कुत्रा यात्रेतूनच आला आणि त्याला आजवर शिंकसुद्धा आलेली नाही. वीस नखांविषयी जुनी माणसे उगाच बोलत नव्हती.

विजापूर_वेशीवरचा
आपण कारवानी म्हणता तोच आमचा मुधोळ. कर्नाटकातील मुधोळ संस्थानच्या मालोजीराव घोरपडे यांनी या जातीला आश्रय दिला, 2005 साली टपाल खात्याने तिच्यावर तिकीट काढले आणि 2016 साली आमच्या भागातील पिल्ले प्रशिक्षणासाठी मेरठच्या लष्करी केंद्रात गेली. मुधोळजवळ तिम्मापूरला विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र आहे. औशाहून सोलापूर-विजापूरमार्गे एका दिवसात जाऊन परत येता येईल. तेथे आधी चौकशी करावी आणि कागदपत्रांशिवाय पिल्लू घेऊ नये. खर्च थोडा वाढला तरी चालेल, कारण हे जनावर दहा-बारा वर्षे आपल्याबरोबर राहणार आहे.

माळावरचा
मुधोळ आणि कारवानी एक नव्हेत. आमच्याकडची कुत्री हाडाने बारीक आणि चालीने हलकी आहेत. कान-शेपटीला लांब केसांची झालर असणारा पश्मी तर आणखी निराळा.

विजापूर_वेशीवरचा
एक संस्था या जातीची नोंद कॅराव्हान हाउंड म्हणून करते आणि दुसरी मुधोळ हाउंड म्हणून, एवढाच काय तो फरक आहे. काफिल्यांबरोबर आलेली कुत्री म्हणून खेड्यापाड्यांत कारवानी हे नाव पडले आणि संस्थानामुळे मुधोळ हे नाव रूढ झाले. तीनशे किलोमीटरवर जात बदलत नाही.

हडपसरची_रहिवासी
मी पस्तीस हजार रुपये देऊन कारवानी पिल्लू घेतले होते, म्हणून डॉक्टरांच्या म्हणण्याला माझा अनुभव जोडते. विकणाऱ्याने पिल्लू पन्नास दिवसांचे असल्याचे सांगितले होते. आमच्या डॉक्टरांनी दात पाहून ते जेमतेम पाच आठवड्यांचे असावे असे सांगितले. लसीच्या पुस्तिकेत शिक्का होता, पण लसीच्या बाटलीवरचे लेबल चिकटवलेले नव्हते आणि तारखेत खाडाखोड होती. चौथ्या दिवशी पिल्लाने दूध नाकारले, पाचव्या दिवशी रक्ताचे जुलाब सुरू झाले आणि आम्ही दोन रात्री सलाईनची नळी धरून जागलो, तरीही सातव्या दिवशी ते गेले. विकणाऱ्याने त्यानंतर फोन उचलला नाही. कोरडवाहू दादा, पैसे किती द्यायचे हे नंतर ठरवा, पण आई समोर दिसल्याशिवाय आणि पुस्तिका स्वतः वाचल्याशिवाय पिल्लाला हात लावू नका.

रानवेडा
शिकार करायची नाही हे दादांनी लिहिले, हे चांगले केले; तरीही वाचणाऱ्या इतरांसाठी लिहितो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत वन्यप्राण्यामागे कुत्री लावून पाठलाग करणेही येते आणि तसा प्रयत्नही येतो. सशामागे सोडलेला कुत्रा रिकाम्या तोंडाने परत आला, तरी मालक गुन्ह्यात अडकू शकतो. नजरेवर धावणारे हे जनावर ससा दिसताच हाकेच्या पलीकडे जाते, म्हणून लहानपणापासून हाक मारताच परतण्याची सवय लावणे ही शेतकऱ्यासाठी पहिली शिकवण आहे. दुसरी गोष्ट अशी की, रानडुकराला हुसकावणे हे एकट्या कारवानीचे काम नाही. डुकराचा सुळा या पातळ कातडीच्या जनावराला उभे फाडतो. त्याने भुंकून जागे करावे, पुढचे काम बॅटरी घेऊन माणसाने करावे.

ऊसपट्टा
आम्ही जुन्नरचे. आमच्या दृष्टीने पिल्लाच्या निवडीपेक्षा रात्रीची जागा महत्त्वाची आहे. माझी दोन कुत्री बिबट्याने ओसरीवरून नेली. दुसऱ्या वेळी साखळी जागेवर होती आणि पट्टा तुटलेला होता. तेव्हापासून आमच्याकडे कुत्रे रात्री जाळीच्या बंद खोलीत असते आणि दिवसा त्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा असतो. या दोन गोष्टींत काटकसर करू नये.

कोरडवाहू
सर्वांचे आभार. आमच्या शिवारात अजून बिबट्याचा वावर नाही, परंतु पिल्लू रात्री बंद जागेतच ठेवीन. मुधोळला जाणे-येणे आणि पिल्लाची किंमत धरली तर माझे दहा हजार तेथेच संपतील, म्हणून कृपया त्या मर्यादेत सुचवावे. शेजारच्या गावात एका मेंढपाळाची कारवानी कुत्री पाच आठवड्यांपूर्वी व्याली आहे. त्या वेतात सहा पिल्ले असून चार नर आणि दोन माद्या आहेत. ते दोन हजारांत द्यायला तयार आहेत, परंतु कागद काहीच नाहीत. आमच्या विहिरीला कठडा नाही आणि शेताला तीन बाजूंनी काटेरी तार आहे. यांची काळजी करावी का?

मेंढवाडा
तारेची काळजी सर्वांत आधी करा, भाऊ. आमचा नर दीड वर्षाचा असताना मांजरामागे असा सुटला की मधली तार त्याला दिसलीच नाही. मांडीपासून बरगडीपर्यंत कातडी पिशवीसारखी उघडली होती आणि खालचे मांस जसेच्या तसे दिसत होते. डॉक्टरांनी एकतीस टाके घातले. तो वाचला, पण आता तार दिसली की लांबून वळसा घेतो. घराभोवतीच्या अर्ध्या एकराला तरी तारेच्या आतून गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत जुने शेडनेट बांधा, म्हणजे त्याला तेथे आडवे काही आहे हे कळेल. विहिरीला कठडा होईपर्यंत बाभळीच्या फांद्यांचे दाट कुंपण करा. पिल्लू मेंढपाळाकडचे मिळत असेल तर तेच घ्या. जी कुत्री रोज कळपामागे चालते, तिचे पाय आणि दम कागदावर लिहून मिळत नाही. मात्र नरच घ्या. मादी माजावर आली की गावातली सगळी कुत्री तुमच्या दारात मुक्काम करतील.

विजापूर_वेशीवरचा
कागदाशिवाय पिल्लू शुद्ध आहे हे कशावरून ठरवणार? आज चार पैसे वाचतील आणि पुढे पश्चात्ताप होईल.

सोयाबीनवाला
सर्वांनी सांगितलेच आहे, तरी मीही सांगतो की नर घ्यावा आणि आई पाहावी. आमच्याकडे जर्मन शेफर्ड आहे आणि त्याच्यापुढे कारवानी काहीच नाही. आपण त्याचाही विचार करावा.

मेंढवाडा
लातूरच्या उन्हाळ्यात एवढ्या दाट केसांचे जनावर बांधावर दिवसभर कसे फिरेल, याचा विचार आपण करावा.

गुरांचा_डॉक्टर
कोरडवाहू, आपण योग्य प्रश्न विचारले आहेत. मेंढपाळाची कुत्री तुमच्या डोळ्यांसमोर आहे, हीच मोठी जमेची बाजू आहे. अजून तीन आठवडे पिल्लू तेथेच राहू द्या आणि त्या काळात त्या मेंढपाळाच्या परवानगीने स्वतः जाऊन साऱ्या वेताला जंताचे औषध द्या. तीन महिन्यांचे होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी आणि नंतर सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला ते द्यावे लागते. पार्व्हो आणि डिस्टेंपरची एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान सुरू करून सोळा आठवड्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा द्यावी, आणि रेबीजची लस तिसरा महिना पूर्ण झाल्यावर द्यावी. पहिला कुत्रा सर्पदंशाने गेला असल्याने तुमच्या अंगणात पार्व्होची भीती नाही; त्या रोगाने गेला असता, तर मी आणखी काही महिने थांबायला सांगितले असते, कारण तो विषाणू मातीत दीर्घकाळ टिकतो. लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला गावच्या पारावर नेऊ नका.

खुराकाबद्दल आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. नुसत्या भाकरी-दुधावर वाढवलेल्या पिल्लाचे पुढचे पाय धनुकलीसारखे वाकलेले मी सेवाकाळात असंख्य वेळा पाहिले. भाकरी जरूर द्या, पण तिच्याबरोबर उकडलेले अंडे आणि कोंबडीचे मांस द्या. दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून चार वेळा थोडे थोडे द्या. कांदा-लसणाची भाजी, द्राक्षे, मनुका आणि शिजवलेली हाडे अजिबात देऊ नका. उंदराचे औषध आणि कीटकनाशक लावलेले बियाणे माळ्यावर कुलपात ठेवा.

नर की मादी याबाबत मीही नराच्याच बाजूने आहे, कारण मादी घेतली तर नसबंदीच्या शस्त्रक्रियेचा खर्च आला. तरीही मादी घेतलीत, तर एक गोष्ट लक्षात ठेवा. या जातीच्या अंगावर चरबी फार कमी असते आणि थायोपेंटोनसारख्या भुलीतून ती लवकर बाहेर येत नाही. हे जनावर कारवानी आहे, हे भूल देण्यापूर्वी डॉक्टरांना आवर्जून सांगा.

हडपसरची_रहिवासी
अंगावर चरबी नसल्यामुळे त्यांना थंडीही लवकर लागते आणि कडक फरशीवर झोपून कोपरांना घट्टे पडतात. जुनी गोधडी चालते. पहिल्या रात्री ते रडेल, तेव्हा आईच्या अंगाखालचे एखादे पोते बरोबर आणा.

कोरडवाहू
निर्णय झाला आणि पिल्लू परवा घरी आले, म्हणून कळवतो. आपण सर्वांनी नर घ्यावा असे सांगितले होते. मी मादी आणली आहे. आजोबांची कुत्री मादीच होती, आणि मी चार वेळा जाऊन पाहिले तेव्हा चारही नर ताटलीवर तुटून पडत असताना ही एकटी मेंढरांच्या वाघरीपाशी (जाळीच्या कुंपणापाशी) बसून बाहेरच्या रस्त्याकडे कान लावून असे. मला पळणाऱ्यापेक्षा ऐकणारे जनावर हवे आहे. तिची आई अंगाने काटक असून मी पहिल्यांदा गेलो तेव्हा वाटेतच आडवी उभी राहिली आणि मालकाने हाक मारल्यावर बाजूला झाली. मागच्या पायांना नखे चारच आहेत. कागद नाहीत.

तीन आठवड्यांत विहिरीभोवती बाभळीच्या फांद्यांचे कुंपण घातले, घराजवळच्या तारेला शेडनेट बांधले आणि कडब्याच्या खोलीला जाळीचे दार बसवले. पिल्लाचे दोन हजार, लस व जंताचे औषध, जाळी आणि अंडी मिळून आतापर्यंत सहा हजार आठशे खर्च झाले. उरलेले पैसे शस्त्रक्रियेसाठी बाजूला ठेवले आहेत. ताईंनी सांगितलेले पोते आणले होते. पहिल्या रात्री ती दोन वाजेपर्यंत रडली, नंतर त्या पोत्यात नाक खुपसून झोपली. काल रात्री ती रडली नाही, पण पहाटे अचानक उठून दाराच्या जाळीला कान लावून उभी राहिली. बॅटरी मारली तेव्हा हरभऱ्याच्या कडेला रोही उभे होते. ती भुंकली नाही; अजून तिला भुंकता येत नाही.

मेंढवाडा
मादीबाबत माझे मत बदललेले नाही, पण वाघरीपाशी बसणारे पिल्लू मीही सोडले नसते. पुढच्या लसीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजच लिहून ठेवा.

सोयाबीनवाला
त्या वेतातला एखादा नर अजून शिल्लक आहे का?

कोरडवाहू
काल सकाळपर्यंत एक होता. मेंढपाळांचा कळप गुरुवारपर्यंत आमच्याच शिवारात बसलेला आहे. त्याला लस झालेली नाही, तेवढी आपण करून घ्यावी लागेल.