शब्दचर्चा : 'मुहोई'ला मराठीत काय म्हणावं?

केनियाचे लेखक न्गुगी वा थिओंगो यांच्या 'वीप नॉट, चाइल्ड' (१९६४) या कादंबरीतला एक भाग मराठीत आणतेय. त्यातला न्गोथो हा जाकोबो या आफ्रिकन जमीनमालकाच्या जमिनीवर राहणारा 'मुहोई'. शब्द केनियातल्या गिकुयू जमातीच्या भाषेतला. आधी 'कूळ' लिहिलं, मग खोडलं. कूळ खंड भरतं, सातबाऱ्यावर त्याचं नाव लागतं. मुहोईचं तसलं काहीच नाही. 'भाडेकरू' म्हटलं की चाळ दिसते. काही सुचतंय?

— आमच्या गोव्यात याला सरळ 'मुंडकार' म्हणतात. भाट (माडांची बाग) भाटकाराचं, म्हणजे जमीनमालकाचं, त्यातलं घर तेवढं आपलं. त्याची मर्जी फिरली की चंबूगबाळं उचला! १९७५ च्या कायद्याने ती टांगती तलवार गेली. तरी माझी आजी शेवटपर्यंत भाटकाराच्या पायरीवर कधी बसली नाही, बाजूला उभी राहायची.

— मुंडकार फार जवळचा, पण तुमच्या आजीच्या त्या उभं राहण्यामुळेच मी तो घेणार नाही. गिकुयू नेते जोमो केन्याटांनी १९३८ च्या 'फेसिंग माउंट केनया'त मुहोईचा अर्थ दिलाय : स्नेहसंबंधामुळे, काही मोबदला न घेता ज्याला जमीन कसू दिली तो. मूळ रिवाजात लाचारी नव्हती. ती आली गोऱ्यांनी जमिनी घेतल्यावर. १९१५ च्या क्राउन लँड्स कायद्याने आफ्रिकनांच्या ताब्यातल्या जमिनीही सरकारच्या झाल्या. म्हणजे अख्खी जमातच इंग्रजांच्या मर्जीवर!

न्गोथोचंच बघा. वाडवडिलांची जमीन हॉवलंड्स साहेबाकडे, आणि हा तिथेच मजूर. दोघं चहाच्या मळ्यातून जोडीने फिरतात, रोपं निरखतात, तण उपटतात. जमीन आपलीच, असं दोघांनाही वाटतंय. आणि संध्याकाळी हा परततो तो जाकोबोच्या जमिनीवर. इथे 'मुंडकार' आला की माडाचं भाट आणि पोर्तुगीज डोळ्यांपुढे येतात, हॉवलंड्स बाजूलाच पडतो. 'आश्रित' तर त्याहून वाईट, त्यात उपकाराचा वास आहे.

— पटलं. मग काय लिहिलंत?

— तळटीप नकोय, म्हणून वाक्यातच उलगडलं : 'न्गोथो जाकोबोचा मुहोई होता, झोपडी त्याची, खालची जमीन जाकोबोची.' गिकुयूत अनेकवचन 'अहोई' होतं, ते मात्र सोडलं. एक भोई, दहा भोई. तसेच दहा मुहोई.