१० बाय १०च्या खोलीत जिम: २५ हजारांत काय घ्यावं?

भिंगरी
दुसरा मजला, खोली १० बाय १०, उंची साडेनऊ फूट. मी आणि नवरा दोघं वापरणार. दुकानदार ट्रेडमिलच घ्या म्हणतोय. सात फुटी रॉड मावेल का? स्लॅबला काही होणार नाही ना? पुलअप बारही लावायचाय, पण भिंती सिपोरेक्सच्या (हलक्या, सच्छिद्र ब्लॉकच्या) आहेत.

गदाधर
ट्रेडमिल या बजेटमध्ये नकोच. मोटरवर छापलेला एचपी (अश्वशक्ती) बहुतेक वेळा पीक, म्हणजे क्षणभरच मिळणारा असतो. सलग चालताना किती मिळतो ते विचारा, दुकानदार विषय बदलेल.

तुम्ही म्हणता तो सात फुटी, म्हणजे ऑलिम्पिक रॉड २२० सेंमी, म्हणून दोन्ही टोकांना दीड फूटसुद्धा उरत नाही. त्यात कपाट असेल तर प्लेट काढता-घालता भिंतीचा रंग जाणार. पाच फुटी, २८ मिमीचा भरीव रॉड घ्या, साधारण ७ किलो भरतो. प्लेटचं भोक मोजूनच पैसे द्या: ऑलिम्पिक प्लेटचं ५० मिमी असतं, ती या रॉडवर खुळखुळते.

प्लेटा बिडाच्याच घ्या. पीव्हीसीच्या आत सिमेंट-वाळू असते, त्यामुळे त्या जाडजूड. १४ इंची डंबेल रॉडवर दोन-दोन चढवल्या की नटाला आटेच उरत नाहीत. १० किलोच्या २, ५ च्या ४, अडीचच्या ४, सव्वाच्या ४: झाले ५५ किलो. सव्वाच्या वगळू नका. खांद्याच्या व्यायामात एकदम ५ किलो वाढवलं की फॉर्म बिघडतो.

बेंचवर लिहिलेली मर्यादा माणूस अधिक वजन अशी धरा. सीट आणि पाठ यांच्यातली फट चार बोटांहून मोठी असेल तर सोडून द्या, आडवं झाल्यावर नेमकी कंबर तिथे येते.

ओळंबा
स्लॅबची काळजी सोडा. आयएस ८७५ (इमारतीवर किती भार धरायचा याचं भारतीय मानक) प्रमाणे घराचा स्लॅब चौरस मीटरला सुमारे २०० किलो धरून डिझाइन करतात. तुमची खोली सव्वानऊ चौरस मीटर, त्यात ५५ किलो लोखंड म्हणजे काहीच नाही. फुटते ती फरशी. नाण्याने टकटक करून बघा: जिथे पोकळ आवाज येतो तिथे खाली माल भरलेला नाही, तिथे वजन टेकवू नका. वर १५ ते २० मिमीची रबर मॅट. जोडायच्या फोमच्या मॅट नकोत, स्क्वॉटला टाच रुतते.

सिपोरेक्समध्ये पुलअप बार नको. लोंबकळताना झोका बसतो आणि फास्टनर भुगा करत बाहेर येतो. आरसीसी बीममध्ये १० मिमीचे अँकर लावा. ड्रिल सळईला अडलं तर सळई कापू नका, भोक दोन इंच सरकवा. पोस्ट-टेन्शन स्लॅब (आत ताणलेल्या केबल असलेला) असेल तर बिल्डरला विचारल्याशिवाय ड्रिल हातातच घेऊ नका.

खारा_वारा
पंख्याचं कोणी बोललं नाही! साडेनऊ फुटी खोलीत पाती साडेआठ फुटांवर येतात. उंच माणसाने उभं राहून ओव्हरहेड प्रेस (रॉड डोक्यावर ढकलणं) मारला की प्लेटची वरची कड आठ फुटांपर्यंत जाते. भिंतीवरचा पंखा लावा, नाहीतर प्रेस बसून मारा.

किनारपट्टीला असाल तर बिडाला पावसाळ्यात गंज धरणारच. घाम पुसा, महिन्यातून एकदा शिलाई मशीनच्या तेलाचा हलका हात फिरवा. पकडीच्या जागी तेल नको.

भिंगरी
पाच फुटी रॉडचं पटलं. रॅक (रॉड टेकवायचा स्टँड) न घेता बेंचप्रेस (बेंचवर आडवं होऊन वजन वर ढकलणं) चालेल?

गदाधर
डंबेलवर मारा. रॉडवर मारायचा असेल तर नवऱ्याला डोक्याशी उभं करा.