पळस, नानकटाई आणि अर्धी वाकळ

वसंतातला आठवडा म्हणजे केक, विणकाम आणि फुलं, असं तुम्ही तुमच्या पोस्टमध्ये लिहिलंत. आमच्या नांदेडकडचा वसंत जरा रांगडा. किनवटच्या रस्त्याला पळस असा पेटलाय की गाडी थांबवावीच लागते. झाडाला पान नाही, नुसता केशरी रंग, आणि मधासाठी भांडणारे शिंजीर पक्षी. खाली पडलेली फुलं पिशवीभर आणली, उकळून रात्रभर तशीच ठेवली. सकाळी पिवळाधमक रंग! त्यात जुन्या धोतराचा तुकडा बुडवला. तुरटी घालायला विसरले, म्हणून पहिल्याच धुण्यात निम्मा रंग गेला. तो फिकट तुकडा आता वाकळीला लावतेय. आई म्हणते, टाके आहेत की कोंबडीचे पाय?

नानकटाई मात्र जमली. ओव्हन नाही, जुन्या कढईत बोटभर मीठ, वर जाळी, घट्ट झाकण. निम्मा मैदा, निम्मं ज्वारीचं पीठ. ज्वारीला चिकटपणा नसतो, त्यामुळे खुसखुशीत होते, पण तूप हात राखून घातलंत तर भुगाच. पहिला घाणा तसाच झाला, तो चहात घालून चमच्यानं खाल्ला.

अंगणातल्या कडुनिंबाला फुलोरा आलाय. पाडव्यासाठी डहाळी हेरून ठेवलीय.